हाकेला ओ देणारं नाव

उंची गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीत एका शब्दाला दार बंद होतं. तो शब्द म्हणजे लहान. गाडी लहान असली तरी तिला लहान म्हणायचं नाही. नेटकी म्हणायचं, चपळ म्हणायचं, शहरात शोभणारी म्हणायचं. डिकीत एक बॅग ठेवल्यावर दुसरी मांडीवर घ्यावी लागत असेल तर डिकी गरजेपुरती आहे, असं म्हणायचं. हा नियम विक्रीच्या मुख्य बाईंनी केला होता आणि तो पाळला जातोय की नाही यावर नाववाल्यांचं लक्ष असे.

नाववाले म्हणजे नव्या गाड्यांना नावं देणारे गृहस्थ. त्यांना स्वतःचंही एक नाव होतं, पण कँटीनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना नाववालेच म्हणत. गाडी कशी दिसावी हे दुसरे ठरवत. ती कुणाच्या शेजारी उभी राहील, कुणाच्या खालच्या पायरीवर बसेल, आणि खालच्या पायरीवर बसूनही घेणाऱ्याला तसं का वाटणार नाही, हे नाववाले ठरवत. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची नावं उजेडाची होती. सगळ्यांत मोठी मध्यान्ह, तिच्याखाली प्रहर, तिच्याखाली प्रभात. तिन्ही नावं त्यांनीच दिलेली.

आणि तिन्ही घरीच पारखलेली. त्यांची एक पद्धत होती. बायको स्वयंपाकघरात असायची, नळ चालू असायचा. नाववाले बाहेरच्या खोलीत उभे राहून नवं नाव मोठ्यानं उच्चारायचे, माणसाला हाक मारावी तसं. ती आतून "काय म्हणालात?" म्हणाली की ते नाव बाद. "कोण आलंय?" म्हणत ती बाहेर डोकावली की नाव पास. मध्यान्हच्या वेळी ती ओल्या हातानं बाहेर आली होती आणि म्हणाली होती, "एवढ्या दमात कुणाला झापताय?" सगळ्यांत मोठ्या गाडीला याहून चांगली पावती मिळाली नसती.

बायको उंचीनं त्यांच्या काखेपर्यंत यायची. ते तिला इवली म्हणत. कंपनीतल्या शब्दबंदीची गोष्ट ऐकल्यापासून ती चारचौघांत सांगायला लागली होती, "मी बुटकी नाही हं. मी आटोपशीर आहे."

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता ती गेली. दुखणं फार चाललं नाही. नाववाले महिनाभर घरी बसले आणि मग कामावर आले, कारण घरात बसून करायचं काय?

कामावर नवी गाडी वाट बघत होती. कंपनीची पहिली कॉम्पॅक्ट गाडी. नमुने घडवायच्या क्लेच्या, म्हणजे मऊ मातीच्या, खोलीत ती खऱ्या आकारात उभी होती, तपकिरी आणि अजून अर्धी. ही क्ले भट्टीत गरम करून हातानं चोपडतात आणि गार झाली की पात्यानं तासतात. तासण्याचं काम आक्का करायच्या. आक्का कंपनीत नाववाल्यांच्याही आधीपासून होत्या आणि त्यांच्या पात्यासमोर इंजिनियरही हळू बोलायचे.

नाववाले गाडीजवळ जाऊन उभे राहिले. गाडीचं छत त्यांच्या काखेच्या जरासं खाली आलं. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि छतावर टेकला. क्ले अजून कोमट होती.

"इवली," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले.

आक्का पलीकडच्या दारावर वाकल्या होत्या. त्या उठल्या. "इवली? वा! शोभतंय हो हिला."

त्या खोलीची रीत अशी होती की क्लेच्या प्रत्येक गाडीला एक घरचं नाव ठेवायचं. कंपनीचा लांबलचक नंबर कुणाच्या लक्षात राहत नसे. गाडी पक्की झाली की क्ले खरवडून पुढच्या गाडीला वापरायची, आणि घरचं नावही तिथंच संपायचं. नाववाल्यांनी आक्कांना अडवलं नाही. खरवडून जाईल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं होतं. दिवसभरात कुणी तरी म्हणायचं, "इवलीकडे दिवा आणा," "इवलीचा डावा खांदा अजून जड वाटतोय," आणि ते टेबलाशी बसून ऐकत राहायचे. दुपारी डोळा लागायचा तेव्हा त्यांना वाटायचं, पलीकडच्या खोलीत ती खरंच आहे आणि सगळे मिळून तिला नटवतायत.

मग एक दिवस विक्रीच्या बाई काही ग्राहकांना घेऊन आल्या. बिल्ला न लावलेली गाडी परक्या माणसांना दाखवायची आणि ती काय बोलतात ते गुपचूप ऐकायचं, असा तो प्रकार. क्लेवर रंगाचा कागद चढवलेला होता. गाडी फिरत्या ओट्यावर उभी होती. एक कामगार सवयीनं ओरडला, "इवलीला जरा फिरवा रे!"

ग्राहकांमधल्या एका बाईनं हातातली पर्स खाली ठेवली आणि ती हसली. "इवली म्हणता हिला? मग हीच द्या मला."

संध्याकाळी बाईंनी नाववाल्यांना बोलावून घेतलं. बाई खुशीत होत्या.

"लहान म्हणायचं नाही हा नियम माझाच, आणि तो मीच मोडणार. ही गाडी स्वतःच स्वतःला इवली म्हणवते, आणि तोरा बघा तिचा! ज्याला आपल्या उंचीची लाज नाही तोच खरा श्रीमंत. बसलं की नाही बरोबर?"

"बसलं," नाववाले म्हणाले. धंद्याच्या दृष्टीनं ते खरंच बसलं होतं. "पण बाई, बाकी नावं उजेडाची आहेत. हे वेगळं पडेल."

"तुम्हाला आवडलं नाही का? तुमच्याच खोलीतून आलंय."

"याहून चांगलं मिळेल."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "सोमवारी मालक बसणार आहेत. त्याआधी आणा. नाही मिळालं तर इवली."

नाववाले थेट क्लेच्या खोलीत गेले. आक्का पाती पुसत होत्या. त्यांनी आक्कांना सगळं सांगितलं. सांगायला फारसं काही नव्हतंच.

आक्का खाली बसल्या. "अहो, मग त्याच दिवशी माझ्या तोंडावर हात का नाही ठेवलात? मी मेली गावभर करत सुटले."

"ऐकायला बरं वाटत होतं."

"मग आता बाईंना सांगून टाका. त्या काही राक्षस नाहीत."

"म्हणूनच सांगत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि डोळे पुसून झाले की म्हणतील, हीच तर आपली गोष्ट. पोस्टरवर तिचा फोटो मागतील. चांगल्या मनानं मागतील. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता."

आक्कांना हे पटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पण नाव लागलंच तर काय हो बिघडतं? माणसं प्रेमानंच घेतील ना?"

"आक्का, ही गाडी कशासाठी काढलीय? माणूस आधी ही घेईल, चार वर्षं चालवेल, मग प्रभात घेईल, मग प्रहर. ही सोडून पुढं जाण्यासाठीच आहे. लोक म्हणतील, इवली विकून टाकली, आता मोठी घेतली."

आक्कांनी पुसलेलं पातं पुन्हा पुसायला घेतलं.

त्या आठवड्यात नाववाले घरी नावं म्हणत फिरत होते. बाहेरच्या खोलीत उभं राहून म्हणायचं आणि ऐकायचं. किरण. झळाळी. पहाट. पहाट तर ऑफिसातच पडली होती. बाई म्हणाल्या होत्या, पहाटे उठायला कुणाला आवडतं? तेज. लकाकी. प्रत्येक नाव स्वयंपाकघरात जायचं आणि तिथंच राहायचं. त्यांनी नळ चालू करून पाहिला. नळाच्या आवाजात घर थोडं पूर्वीसारखं वाटायचं, म्हणून ते तो बराच वेळ बंद करत नसत. कधी वाटायचं, आत भांडं वाजलं. ते दारापर्यंत जायचे. आत ओटा कोरडा, तिचा चहाचा कप पालथा.

एकदा बेसावधपणे तोंडून निघून गेलं, "इवले!" घर इतकं गप्प झालं की त्यांनी घाईनं नळ सोडला.

रविवारी लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बापाला रागवून जायची.

"बाबा, फ्रिजमध्ये नुसतं दही. तुम्ही काय दह्यावर जगताय?"

"दही हलकं असतं."

"तुम्हीही तसेच झालायत. कॉलर बघा, गळ्यात दोन माणसं मावतील."

ती आत भाजी चिरायला लागली. नाववाले बाहेर आरामखुर्चीत बसले. थंडीचे दिवस होते. दुपारचं ऊन तिरपं झालं होतं आणि पडद्याच्या फटीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

हा तुकडा बायकोचा होता. थंडीत जेवण झालं की ती तिचं स्टूल घेऊन त्यात येऊन बसायची. तुकडा सरकला की स्टूल सरकवायची. आधी दाराजवळ, मग कपाटाशी, मग पलंगाच्या पायाशी. मधेच हातातलं विणकाम थांबवून म्हणायची, "थांबा, माझं ऊन चाललंय." नाववाले म्हणायचे, गॅलरीत जाऊन बस की, तिथं हवं तेवढं ऊन आहे. ती म्हणायची, "तिथलं सगळ्यांचं आहे. हे आपल्या खोलीत मावतं."

हे असं आठवता आठवता त्यांचे डोळे मिटले. झोप नव्हती ती, पण खोली जरा लांब गेली. स्टुलाचे पाय फरशीवर सरकल्याचा आवाज आला. सुयांचा बारीक टकटक आवाज. आत नळ चालू होता. त्यांनी डोळे न उघडताच, नेहमीच्या सवयीनं, हाक मारावी तसं म्हटलं,

"कवडसा!"

नळ बंद झाला. ओल्या हातानं कुणी तरी दारात आलं.

"कुठाय?"

त्यांनी डोळे उघडले. लेक होती. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, फरशीकडे बघत होती. तुकडा कपाटाशी पोचला होता. तिनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि हात पुसत उन्हात बसली.

"आई बसायची तिथं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मला बोलावलंत ना?"

"नाव म्हणून बघत होतो."

लेकीला ती पद्धत लहानपणापासून ठाऊक होती. तिनं स्टूल उन्हामागे जरासं सरकवलं. मग म्हणाली, "मी आले की बाहेर. म्हणजे पास झालं."

भाजी थोडी करपली. दोघांनी तशीच खाल्ली.

सोमवारी मालकांसमोर बाईंनी आधी इवली मांडली आणि छान मांडली. मग नाववाले उभे राहिले. त्यांना भाषणं जमत नसत.

"मध्यान्ह घेणाऱ्याला सगळं आकाश हवं असतं," ते म्हणाले. "या गाडीच्या गिऱ्हाइकाला एवढ्यात आकाश नको आहे. पण त्याला नकली दिवाही नको. कवडसा लहान असतो, पण तो दुसऱ्या कुणाचा नसतो, त्याच सूर्याचा असतो. फक्त आपल्या खोलीत मावतो."

मालकांनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला आणि नकळत टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ऊनबिन काही नव्हतं, पण त्यांनी पाहिलं.

बाईंनीही ते पाहिलं. "इवली गोड होती," त्या म्हणाल्या. "पण हे आपल्या घराण्यातलं आहे." बाहेर पडताना त्या नाववाल्यांजवळ थांबल्या. "कुठून सुचलं?"

"घरी," नाववाले म्हणाले. बाईंना कळलं असावं, निदान अर्धं तरी. त्यांनी पुढं विचारलं नाही.

दुपारी आक्कांनी क्ले खरवडायला घेतली. पहिलं पातं त्यांनी स्वतः लावलं, छताला. "या," त्या नाववाल्यांना म्हणाल्या, "एक हात ठेवून घ्या." त्यांनी ठेवला. क्ले आता गार होती. मग तिचे तपकिरी पापुद्रे टोपल्यात पडत गेले, आणि त्या खोलीत पुन्हा कुणी इवली म्हटलं नाही.

पुढच्या थंडीत एका सकाळी नाववाले बाहेरच्या खोलीत चहा घेत होते. त्या खोलीत सकाळी ऊन येत नसे. तरी छतावर उजेडाचा एक तुकडा हलत होता. ते उठून खिडकीशी गेले. रस्त्याच्या पलीकडे समोरच्यांची नवी गाडी उभी होती, नाववाल्यांच्याच कंपनीची, कवडसा. तिच्या पुढच्या काचेवरून ऊन उडून वर येत होतं. समोरचा माणूस फडक्यानं काच पुसत होता, आणि त्याचा हात फिरला की छतावर सावली फिरायची.

नाववाल्यांनी कोपऱ्यातलं स्टूल आणून त्या तुकड्याखाली ठेवलं. स्वतः आरामखुर्चीत बसले.

"इवले," त्यांनी हाक मारली. खिडकी उघडीच होती. खाली रस्त्यावर माणसं जात होती, तो गाडीवाला होता, पण त्या नावाला कुणी वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. तुकडा छतावरून भिंतीवर उतरला, दाराकडे गेला आणि गेला. नाववाले उठले आणि कप विसळायला आत गेले.