चौथ्या नळीतली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान, पण तोंडाने फटकळ. डॉक्टर मला डेंड्रायटिक पेशी म्हणतात. चुगली करणं हे माझं काम. शरीरात कोणी लबाड घुसला की त्याचा तुकडा उचलायचा, काखेतल्या नाहीतर मानेतल्या ग्रंथीत जायचं आणि तिथल्या सैनिक पेशींना सांगायचं की हा बघा, याला धरा. तुमच्या वर्गात चुगलखोराशी कोणी धड बोलत नाही. सैनिकांचं मात्र आमच्यावाचून पान हलत नाही.

मी ज्या बाईंच्या रक्तातली, त्या शाळेची बस चालवायच्या. त्यांच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ झाली. महाबिलंदर गाठ! घरच्याच पेशींचं सोंग घेऊन बसलेली, त्यामुळे आमच्यातल्या कुणाला संशयच आला नाही. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, गाठ काढल्यावर तिचा ताजा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, बाईंच्याच पेशींना त्याची ओळख पटवायची आणि त्या परत अंगात टोचायच्या.

इथेच घात झाला. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचा, अशी शस्त्रक्रियेच्या खोलीतली पद्धत. तो सडत नाही, सावकाश तपासता येतो. तिथल्या परिचारिका वीस वर्षं हेच करत आल्या होत्या. त्या दिवशीही त्यांचा हात सवयीने चालला आणि सगळी गाठ बाटलीत गेली. फॉर्मॅलिनमधला तुकडा आमच्या शिकवणीच्या कामाचा राहत नाही. दाराबाहेर बर्फाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या प्रयोगशाळेतल्या ताईंना हे कळलं, तेव्हा त्या रिकामा डबा घेऊन परत फिरल्या. परिचारिकांच्या घशाखाली म्हणे चार दिवस घास उतरला नाही. वाईट कोणीच नव्हतं, याचंच मला जास्त दुःख होतं.

पाच महिन्यांनी रोग फुप्फुसात उतरला, तेव्हा कुठे नवा तुकडा मिळाला. मग बाईंचं रक्त यंत्रातून फिरवून आम्हाला वेगळं काढलं. ताईंनी आठवडाभर उबदार पेटीत आम्हाला वाढवलं आणि त्या तुकड्याची ओळख पटवली. आम्हाला हातांसारख्या फांद्या फुटल्या. बाई फोन करून विचारायच्या, पोरी नीट शिकतात ना? ताई म्हणायच्या, तुमच्यासारख्याच हट्टी आहेत, मावशी. पुढे आम्हाला चार नळ्यांत भरून गोठवलं. दोन नळ्या टोचून झाल्या. तिसरीच्या आठवड्यात बाईंना श्वास पुरेना, आणि त्या गेल्या. मी चौथ्या नळीत होते. मला सगळा धडा पाठ होता, पण तो ऐकून घ्यायला कोणी उरलं नव्हतं. आम्ही दुसऱ्या कुणाच्या उपयोगाच्या नाही.

दोन वर्षं गेली. उरलेल्या नळ्या टाकून द्यायच्या, म्हणून सहीसाठी आज बाईंच्या मुलीला बोलावलं. तिने पेन हातात घेतलं आणि तशीच थांबली.

"ताई, यातलं काही जिवंत आहे का?"

"आहे. वितळवलं की हलेलसुद्धा."

"म्हणजे आईचं?"

"आईचंच."

एकदा पाहू द्याल का, असं तिने विचारलं. एकदा वितळवलेली नळी परत ठेवता येत नाही, हे ताईंनी तिला दोनदा समजावलं. मुलगी म्हणाली, चालेल. मग तिने सही केली.

आता मी काचेच्या पट्टीवर आहे. माझ्याकडे फार तर तासभर आहे. मित्रांनो, रोजचं काम करताना हात आपोआप चालायला लागला की क्षणभर थांबत जा. आज समोर कोण आहे, त्याला काय हवंय, एवढं विचारा. विचारायला काही वेळ लागत नाही हो. आमच्या बाईंसाठी तेवढं राहून गेलं.

इथे ग्रंथी नाही, सैनिक नाहीत. वर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मुलीचा डोळा लागलेला आहे. मी एक फांदी लांब केली.

"हलतेय," ती हळूच म्हणाली. मग तिने आईला हाक मारली.

मित्रांनो, मला ओ देता येत नाही.