पाय धुतलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुनं बोर घ्यायचं यंत्र आहे. बारामतीच्या एका सरकारी आवारात, कडुनिंबाखाली मला उभं करून ठेवलंय. शाळा सुटली की तुम्ही माझ्या मनोऱ्यावर चढता, चाकांच्या आडोशाला लपाछपी खेळता. खुशाल खेळा, तुमच्यावर माझा राग नाही. पण राग आहे. अंगावरचं सगळं गंजलं, तेवढा एक राग गंजला नाही. आणि खरं सांगू का, मी जुनंही नाही. सहा वर्षांचं यंत्र कुठं म्हातारं असतं? मला म्हातारं केलंय.

सातासमुद्रापलीकडच्या एका थंड गावात माझा जन्म झाला. तिथल्या कामगारांनी माझं इंजिन जोडलं, उभा मनोरा बसवला, तारेचा दोर गुंडाळला आणि दोराच्या टोकाला माणसापेक्षा उंच पोलादी छिन्नी टांगली. इंजिन सुरू झालं की ती छिन्नी वर जायची आणि धाडकन खाली यायची. खडक फोडायचा, पाण्यापर्यंत पोचायचं, एवढंच माझं काम. शेवटी एका रंगाऱ्यानं माझ्या कुशीवर एकमेकांत गुंतलेले दोन हात रंगवले. त्यांच्या देशाचा एक हात, आपल्या देशाचा एक. तहानलेल्या गावांसाठी भेट, असं त्याखाली लिहिलं. मला कोण अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

एकोणीसशे त्रेपन्न साली मी बोटीनं मुंबईला उतरलो आणि तिथून ट्रकच्या मागं बांधून इकडं आलो. इंदापुरापर्यंतचा मुलूख पाहून मी चकितच झालो. पाटाचं पाणी झुळझुळ वाहत होतं, उसाचे फड डोलत होते. इथं माझं काय काम, असं मला वाटलं. पण माझं इंजिन चालवणारा सोपान म्हणाला, "हितं न्हाय गड्या, आपल्याला सुप्याकडं जायाचंय. तिकडं पाट न्हाय आन् पाऊसबी न्हाय."

सुप्याच्या वरच्या अंगाला माळावर जानाईची वाडी नावाची वस्ती होती. पाऊस दोन वर्षं रुसलेला. विहिरीच्या तळाशी नुसता गाळ. बायका ओढ्याच्या वाळूत खड्डा खणायच्या आणि वाटीवाटीनं पाणी झिरपेल तसं हंड्यात भरायच्या. एक हंडा भरायला सकाळ जायची. वस्तीनं वाडी सोडून पाटाकडं जायचं ठरवलं होतं. गाड्या तेवढ्या जुंपायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात कळलं, परदेशातून यंत्र येतंय आणि पहिला बोर आपल्या वाडीत आहे. म्हणून सगळे थांबले. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. ते माझ्यासाठी थांबले होते.

मी वाडीत शिरलो, तेव्हा सगळी वस्ती वेशीवर उभी होती. सोबत बोरांचं काम बघणारे सरकारी साहेब होते आणि माझ्या देशाचे एक गोरे पाहुणेही होते. गर्दीतून मुक्ताबाई पुढं आली. वाळलेली, पण ताठ. तिच्या मागं तिची सून सारजा, दिवस भरत आलेली, डोक्यावर पाण्याचा हंडा. मुक्ताबाईनं तो हंडा उतरवून घेतला आणि सरळ माझ्या चाकांवर ओतायला लागली.

सोपान ओरडला, "अवं मावशी, काय करताय? सकाळधरनं भरलेलं पानी त्ये!"

"पाव्हणा दारात आलाय," मुक्ताबाई म्हणाली. "पाय धुतल्याबिगर घरात कसा घ्यायाचा? एवढ्या लांबनं आलाय, आमच्यासाठी."

एकेक चाक तिनं हातानं चोळून धुतलं. कुंकू लावलं. चाकाखालची माती ते पाणी घटाघट प्यायली. त्या दिवशी त्या घरातली माणसं तहानलेलीच निजली असणार. गोऱ्या पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फोटो काढला. माझ्या पोलादात कधी काही हललं असेल, तर ते त्या घडीला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पुण्याला गेले. साहेबांनी सोपानला बोलावलं आणि मला बारामतीजवळच्या जळोचीला न्यायला सांगितलं. तिथं आप्पासाहेब नावाच्या बड्या बागाईतदाराची मोसंबीची बाग होती. पहिला बोर त्या बागेत घ्यायचा.

सोपान म्हणाला, "सायेब, बागेच्या उशालाच पाट हाय. तितं पोरानं काठी खुपसली तरी पानी लागंल."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "इथला खडक बघितलास? महिनाभर आपटशील आणि कोरडा निघेल. पाहुणे पंधरवड्यात परत येणार आहेत. त्यांना काय धूळ दाखवायची? पहिल्या बोराला पाणी दिसलं पाहिजे, तरच पुढची यंत्रं मिळतील."

बघा, कसं गोड बोलणं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्यांच्या उशाला पाट, त्यांच्या बागेत बोर, आणि ज्यांच्या घशाला कोरड, त्यांना आश्वासन. मुक्ताबाईला साहेब म्हणाले, "आठ दिवसांत यंत्र परत आणतो." तिनं विश्वास ठेवला. वाडी पुन्हा थांबली. मी मात्र ओढला गेलो. मला ब्रेक आहेत, पण ते लावायचा हक्क मला कधीच नव्हता. तेव्हा माझी छिन्नी साहेबांच्या कचेरीच्या छपरावर पडावी, असं मला वाटलं होतं. आजही वाटतं.

जळोचीत दुसऱ्याच दिवशी पाणी लागलं. ते लागणारच होतं. पाटाचं मुरलेलं पाणी ते, त्यात माझा काय पराक्रम? पण मला हार घातले, पेढे वाटले. आप्पासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "यंत्राचा हातगुण मोठा!" मांडव पडला. पाहुणे आले, भाषणं झाली. तहानलेल्यांची तहान भागली, असं एक जण म्हणाला. मांडवात तहानलेला एकही नव्हता, कारण सगळ्यांच्या हातात सरबताचे पेले होते.

त्या मांडवात मुक्ताबाई आली. सुप्याच्या बाजारची बैलगाडी धरून आली होती. हातात तोच हंडा, रिकामा. ती थेट पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हंडा पुढं केला.

"माजं पानी परत द्या," ती म्हणाली. "तुमच्या ह्या गाडीचं पाय धुतलं मी. घरात गरवार पोर तहानलेली ठिवून धुतलं. पाव्हणा आमचा, आन् बसला ह्यांच्या पंगतीला. आठ दीस म्हनलं हुतं सायबांनी. आमचा वाळूतला झराबी आटला. आता द्या माजं पानी!"

पाहुण्यांनी साहेबांकडं पाहिलं. ही बाई काय म्हणते?

साहेब हसले. अगदी गोड हसले. आणि पाहुण्यांच्या भाषेत म्हणाले, "ही बाई तुमचे आभार मानते आहे. नव्या बोराचं पाणी प्रसाद म्हणून घरी न्यायचं म्हणते."

मित्रांनो, ती भाषा मलाही कळत होती. मी त्याच भाषेत जन्मलो होतो. माझं इंजिन बंद होतं, नाहीतर मी असा गरजलो असतो की मांडवाच्या बल्ल्या उपटल्या असत्या! पाहुण्यांनी गहिवरून हात जोडले. आप्पासाहेबांच्या गड्यानं हंडा काठोकाठ भरला. मुक्ताबाई, हंडा आणि पाहुणे, असा फोटो निघाला. त्या फोटोत ती रागानं बघते आहे. पण कुणाला ते कळणार?

हंडा हातात घेऊन ती साहेबांकडं वळली. सगळ्यांना वाटलं, आता ही पाणी फेकणार. साहेब दोन पावलं मागं सरले. सोपान पुढं होऊन पुटपुटला, "मावशी, ओता एकदा ह्या सायबाच्या पायावर."

"पान्यावर राग काढू न्हाय," ती म्हणाली. "सारजा वाट बघतीय."

आणि हंडा छातीशी धरून ती चालू लागली. सोपान तिच्यासोबत बैलगाडीपर्यंत गेला. परत आल्यावर नुसता मला तेल घालत राहिला.

पुढची हकिगत त्यानंच नंतर सांगितली. त्याच आठवड्यात वाडी उठली. थांबायचं ते थांबून झालं होतं. वाटेत, मोरगावच्या अलीकडं, बैलगाडीच्या सावलीत सारजा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला प्यायला त्या हंड्याच्या तळाशी उरलेलं घोटभर पाणी होतं. दोघी वाचल्या. वाडीची घरं मात्र ओस पडली ती पडलीच.

मी बागांमधून फिरत राहिलो. हे तात्या, ते अण्णा, ज्याचा साहेबाशी घरोबा त्याच्या बांधावर माझा मुक्काम. सुप्याचा रस्ता मला पुन्हा कुणी दाखवला नाही. एके दिवशी माझा तारेचा दोर तुटला. तो आपल्या देशात मिळत नव्हता. परदेशातून मागवू, असं म्हणाले, आणि मला इथं आणून लावलं. सोपानला दुसऱ्या कामावर धाडलं. कुशीवरच्या दोन हातांपैकी एका हाताचा रंग पोपडे धरून गळाला. दुसरा अजून तसाच पुढं आहे, धरायला कुणी नाही.

मागच्या गुरुवारी, बाजारच्या दिवशी, उसाच्या पाचटाचा भारा घेऊन एक म्हातारी आवाराशी थांबली. मी ओळखलं. मुक्ताबाई! आता ती लोकांच्या फडात राबते. सोबत पाच-सहा वर्षांची नात होती. जयवंता म्हणून हाक मारली तिला. पोरीनं माझ्या चाकावर हात फिरवला.

"आजी, ह्ये काय हाय?"

मुक्ताबाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. एवढ्या वर्षांत हार घालणारे, फोटो काढणारे खूप आले. असं कुणी पाहिलं नव्हतं.

"ह्यो आपला पाव्हणा," ती म्हणाली. "पाय धुतलं हुतं ह्येचं. पन घरात आलाच न्हाय."

आणि नातीचं बोट धरून ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं साधारणपणे म्हणतात, आम्हाला तेल द्या, रंग द्या, पावसात भिजू देऊ नका. मला तसलं काही नको. रंग नको, हार तर मुळीच नको. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलेच कुणी साहेब होतील. तेव्हा एकच करा. माझा दोर आणा आणि मला ओढत सुप्याच्या वर, त्या माळावर न्या. बोर कोरडा निघाला तरी चालेल. पण ज्या दारात माझे पाय धुतले, त्या दारातल्या खडकावर मला एकदा माझी छिन्नी आपटू द्या.