कोरड्या त्वचेसाठी

पंकजाच्या तोंडावर पंधराव्या वर्षी मुरमं आली ती गेलीच नाहीत. जी गेली ती खड्डे ठेवून गेली. श्रीगोंद्याकडच्या तिच्या माहेरी पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप यायचा, की मुलगी गुणाची आहे, पण आमच्या मुलाचा यंदा लग्नाचा विचार नाही. तिला एकोणतिसावं लागलं तेव्हा शेवगावच्या बाजूचं अमृतचं स्थळ आलं. बिजवर, मूलबाळ नाही, घरी फक्त आई, थोडं रान आणि भाड्याने चालवायचा टेम्पो. त्याने तिच्या तोंडाकडे धड पाहिलंही नाही. पंकजाला तेवढंच पुरलं.

हळदीच्या दिवशी सासूने, कडूबाईने, चांदीचा इवलासा टाक तिच्या गळ्यात बांधला. अमृतच्या गेलेल्या पहिल्या बायकोच्या, निकिताच्या नावाचा. दुसरेपणावर आलेल्या बाईने सवतीला असं गळ्यात वागवायचं असतं, म्हणजे ती आडवी येत नाही. निकिता गेल्या कार्तिकात तापाने गेली, एवढंच पंकजाला माहीत होतं. त्यापलीकडे त्या घरात कुणी बोलत नसे.

घर रानातल्या वस्तीवर होतं. निकिताच्या साड्या, बांगड्या, सगळं तिच्या माहेरी पोचतं केलेलं होतं. राहिला होता भिंतीवरचा फोटो आणि आरशाखालच्या फळीवरचा एक डबा. पांढरा, निळ्या झाकणाचा. वरचा कागद हाताळून हाताळून कोरा पडलेला. आत अर्ध्याहून थोडं जास्त क्रीम होतं.

"आत्याबाई, हे कुणाचं?" पंकजाने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"असू दे तिथंच," कडूबाई म्हणाली आणि शेळ्यांकडे निघून गेली.

पंकजाने सहा महिने डब्याला हात लावला नाही. पण फोटोकडे तिची नजर जायचीच. त्या बाईचा चेहरा कसा तुळतुळीत होता. कपाळावर, गालांवर उजेड पडल्यासारखा. मार्गशीर्षात कोरडा वारा सुटला, सगळ्यांचे ओठ उलले, तेव्हा एका संध्याकाळी तिने दार लोटून घेतलं, झाकण उघडलं आणि दोन बोटं क्रीम तोंडाला चोळलं. बदामाचा दाट वास खोलीभर पसरला. आरशात तिचं तोंड चकाकत होतं. तिला बरं वाटलं, आणि चोरी केल्यासारखंही वाटलं.

अमृत रात्रीच्या जेवणाला आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. त्याने खोलीभर नजर फिरवली. पंकजाकडे सोडून सगळीकडे पाहिलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काई न्हाई."

तो जेवला, हात धुतला आणि आपली गोधडी उचलून पडवीत गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. थंडी मी म्हणत होती, तरी तो आत झोपायला आला नाही.

पाचव्या दिवशी पंकजाच्या हनुवटीवर पुळ्या उठल्या. दहाव्या दिवशी दोन्ही गाल लाल झाले, हात लावला तरी ठणकायचे. इतकं तर तिला पंधराव्या वर्षीही झालं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरची भागूबाई ताक न्यायला आली, तिने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"पयलीचं काई वापरलं का गं?"

पंकजाने हनुवटी सोडवून घेतली.

"वापरू न्हाई बाई. ज्याचं हुतं त्याला आवडत न्हाई."

पंकजाने त्याच दिवशी डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं. लावण्याआधी तिने क्रीम सपाट केलं होतं, चमच्याच्या पाठीने. का केलं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तीन दिवसांनी तिने पुन्हा उघडून पाहिलं, तेव्हा त्या सपाट क्रीममध्ये एका बोटाचा खोल चर होता.

मग तिला तो वास दुपारचा येऊ लागला. अमृत टेम्पो घेऊन गेलेला असायचा, सासू शेळ्यांमागे गेलेली, ती स्वतः विहिरीवर धुणं घेऊन. ओले कपडे खांद्यावर टाकून ती घरात शिरली की आत बदामाचा वास कोंडलेला. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. फोटोतली निकिता हसत असायची. एकदा पंकजा धुणं दारातच टाकून भर उन्हात बाभळीखाली जाऊन बसली, आणि सासू परत येईपर्यंत आत गेली नाही. तिने गळ्यातला टाक मुठीत धरून म्हटलं, "बाई, माझं चुकलं. आता नाही लावत." तरी डब्यातलं क्रीम कमी होतच राहिलं.

शेवटी तिने डबा पिशवीत घातला आणि सासूला दवाखान्याचं सांगून शेवगावच्या जीपमध्ये बसली. डबा तिकडेच कुठेतरी टाकून द्यायचा, असं तिच्या मनात होतं. पण बाजारात उतरल्यावर टाकवेना. फिरता फिरता तिला राजेश्वरीताईचं दुकान दिसलं. पुढे टिकल्या-बांगड्या, मागे पडद्याआड पार्लर. पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई गल्ल्यावर बसली होती.

"अगंबाई, काय लावलंस हे?" तिने पंकजाचं तोंड बघूनच विचारलं.

पंकजाने डबा काढून ठेवला. राजेश्वरीताईने झाकण उघडून वास घेतला.

"हे तुझं नव्हेच. हे कोरड्या त्वचेचं. लोण्यासारखं जड असतं. ज्याची कातडी तडकते, सालपटं निघतात, त्याला हे." तिने ड्रॉवरमधून पातळ कागद काढला आणि पंकजाच्या नाकावर, मग गालावर हलकाच दाबला. कागद पारदर्शक झाला. "बघ, दोन्हीकडं तेल. तुझी त्वचा तेलकट. त्यावर हे थापलंस, भोकं बुजली सगळी. तुला पाण्यासारखं जेल पाहिजे, बिनवासाचं. तोंड धुतलं, टिपलं, की वाटाण्याएवढं घ्यायचं. आणि महिनाभर तरी दम धरायचा. उजळ-बिजळ होत नसतं कुणी, त्वचा शांत झाली की तिचीच चमक येते."

"पण जिचं होतं तिचं तोंड फार छान होतं," पंकजा म्हणाली. "निकिता. आमच्या घरातली पहिली."

राजेश्वरीताईने चष्मा डोळ्यांवर घेतला. तिने पंकजाच्या गळ्यातला टाक पाहिला.

"निकिताला हा डबा मीच दिला," ती हळू म्हणाली. "पण तिची त्वचा तुझ्यासारखीच होती गं. ती स्वतःला जेल न्यायची. हे दुसऱ्या कुणासाठी होतं. म्हणाली, ताई, भेगांतून रक्त येतं अशा टाचांना काय देऊ?"

पंकजाने जेलची बाटली घेतली आणि डबा परत पिशवीत ठेवला. जीपमध्ये तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. तिने घरातल्या टाचा आठवायचा प्रयत्न केला. अमृत बूट घालायचा. सासूच्या पायांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

वस्तीवर पोचली तेव्हा ऊन कललं होतं. दार लोटलेलं होतं. तिने फटीतून पाहिलं आणि दाराची चौकट धरली. आरशासमोर एक बाई पाठमोरी बसली होती, डोक्यावरून पदर, आणि फळीवरून हात फिरवून काहीतरी चाचपत होती. हात परत परत त्याच रिकाम्या जागी यायचा.

"कुठं गेलं," ती बाई पुटपुटली. "कुठं ठिवलंस गं?"

तो आवाज कडूबाईचा होता.

पंकजाने दार ढकललं. कडूबाई दचकली, पदर सावरत उठू लागली. तिच्या पायांत चपला नव्हत्या. टाचा वाळलेल्या तळ्यासारख्या फुटलेल्या, आणि भेगांच्या कडांना पांढरं क्रीम सुकून बसलेलं.

पंकजाने पिशवीतून डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

"हे तुमच्यासाठी आणलं होतं तिनं?"

कडूबाईने डब्याकडे पाहिलं. मग परत खाली बसली.

"मी म्हनले हुते, म्हाताऱ्या ढोराला कशाला शिनगार. फेकून दे म्हनले. मंग ती रातच्याला लावायची, मी निजल्यावर. मी कुठं निजायची? डोळे मिटून पडायची. तिचा हात लई मऊ हुता. रोज लावायची आन् रोज सकाळी मी तिला घालूनपाडून बोलायची."

"आणि आता दुपारी तुम्ही लावता."

"लावते, थंडीत टाचा फुटल्या की. तिनं आनलेलं वाया कसं घालू?" कडूबाईने डब्यावर हात ठेवला, झाकण उघडलं नाही. "ताप आल्ता तिला. कांदे काढायचे चालले हुते. मी म्हनले, नाटकं करती, ऊठ. उठली बिचारी. दोन दिस वाफ्यात वाकून काम केलं. तिसऱ्या दिवशी वाफ्यातच पडली." तिने पदराने झाकण पुसलं. "ती मला काई बोलली न्हाई, पंकजे. मरस्तोवर काई बोलली न्हाई. तेच लई टोचतंय."

 पंकजाला वाटत असलेली भीती गेली होती, पण तिच्या जागी जे आलं होतं ते भीतीपेक्षा जड होतं. तिने सासूच्या पायाकडे हात नेला. कडूबाईने पाय आखडून घेतला.

"नको. माजं मी लावीन."

त्या रात्री जेवताना कडूबाईने तेच अमृतला सांगितलं. ताटावरून मान न उचलता, एका दमात. अमृतने हात धुतला आणि उठून बाहेर गेला. पंकजा त्याच्या मागे गेली. तो टेम्पोच्या फाळक्यावर बसला होता.

"आई एकटीच कुठं बोलली," तो म्हणाला. "मी बी म्हनलो हुतो, आजची खेप व्हऊ दे, उद्या जाऊ दवाखान्यात. तिच्या हाताला असायचा तो वास तुज्या अंगाला आला, तव्हा मला वाटलं, आली ती. आता इचारील."

"म्हणून पडवीत झोपता?"

"मंग काय सांगू तिला?"

पंकजा त्याच्या शेजारी बसली.  थंडी फार वाजू लागली तेव्हा ती म्हणाली, "आत चला." तो आला.

जेलने तिचे गाल महिनाभरात निवळले. खड्डे होते ते राहिले. कडूबाई आता दुपारी दार लोटून घेत नसे, उघड्यावर बसून टाचा चोळायची, आणि घरात तो वास असायचा. कुणी त्याबद्दल बोलत नसे. पण अमृत आत येताना उंबऱ्यात क्षणभर थांबायचाच, आणि पंकजालाही कधी कधी धुणं वाळत घालताना वाटायचं, की मागे कुणीतरी उभं आहे. ती वळून पाहायची नाही. उभं राहू दे, असं मनात म्हणायची.

माघात एके दिवशी पहाटे पंकजाचं अंग तापलं. कणकण होती, नाक वाहत होतं. ती चूल पेटवायला उठली, तर कडूबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि हातातली काटकी काढून घेतली.

"अमृत, गाडी काढ."

"आत्याबाई, साधी सर्दी आहे. चहा घेतला की—"

"गाडी काढ म्हनते ना."

दवाखाना उघडायच्या आधी ते पायरीवर जाऊन बसले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, तासाभराने कागद बघून सांगितलं, की काही नाही, सर्दीताप आहे, गोळ्या घ्या आणि दोन दिवस झोपून राहा. अमृतने सुस्कारा सोडला आणि उठला.

कडूबाई उठली नाही. तिने पंकजाचं मनगट पकडून ठेवलं होतं, सकाळपासून सोडलं नव्हतं.

"डाक्टर," ती म्हणाली, "परत एकदा बघा."