हुस्नबानूंचा अडकित्ता

मानवाचा इतिहास हा वेगाचा इतिहास आहे. चाक, रथ, घोडा, इंजिन: प्रत्येक युगात माणसाने आधीच्या युगाच्या पुढे धाव घेतली, आणि ज्याने वेगाला घाबरून पाऊल मागे घेतलं त्याला इतिहासाने रस्त्याच्या कडेला सोडून दिलं. हे सगळं मी गाडी चालवता चालवता मथुरेला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावून सांगत होतो. मुद्दा पटला का, हे पाहायला डावीकडे मान वळवली तर ती गाडीत नव्हती. सोसायटीच्या फाटकाबाहेर रहदारीसाठी मी क्षणभर थांबलो, तेवढ्यात ती उतरली होती. रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या बाकावर कंबर धरून बसली होती. घरापासून आम्ही चाळीस पावलं आलो होतो.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी मंडईत चालत येते. लवकर पोचेन.”

ती लवकर पोचली. मला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तिची मेथी, गवार आणि लिंबं घेऊन झाली होती. येताना तिने रिक्षा केली.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. लाल, बुटकी, दोन दारांची. आमच्याच सोसायटीतल्या संभाजीकडून घेतलेली. संभाजी संगणक कंपनीत आहे. मुळात बुटकी असलेली गाडी त्याने हौसेने आणखी बुटकी करून घेतली होती. कडक स्प्रिंगा, कडक शॉकअब्सॉर्बर आणि इतके पातळ टायर, की चाकाला काळी फीत गुंडाळल्यासारखं दिसे. मग त्याला जुळं झालं. जुळं, त्यांच्या दोन खुर्च्या आणि दोन आज्या एवढा संसार दोन दारांतून आत जाईना, म्हणून त्याने ती विकायला काढली आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी घेतली. “काका, सस्पेन्शन थोडं स्टिफ आहे हां,” असं त्याने तेव्हाच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझ्याबद्दलही लोक असंच म्हणतात.

प्रश्न मंडईपुरता असता तर मी तो इतिहासावर सोपवला असता. पण बावीस तारखेला मांजरी गावात माझ्या मेहुण्याची, गेनबाची, वास्तुशांत होती. मांजरी आता शहरात आली आहे. गेनबा अजून आलेला नाही. मथुरेने जाहीर केलं की ती बसने जाणार, मी गाडीने यावं. त्याच संध्याकाळी गेनबाचा फोन.

“दाजी, ताई बसनं येनार हाय म्हनं?”

“तसं ती म्हणते आहे.”

“आन् तुमी लाल गाडीतनं?”

“हो.”

“येकटं?”

“गेनबा, विषय काय आहे?”

“विषय कायबी न्हाई. मांडव रस्त्याला लागून हाय. बस बी तिथंच थांबती. समदं गाव बसलेलं असंल. बघा बाबा.”

मी बघितलं. लाल गाडीतून मी एकटा उतरतो आहे आणि मागून, बसच्या पायरीवरून, आहेराची पिशवी सावरत माझी बायको. मांजरीला पुढची तीन वर्षं दुसरा विषय लागला नसता. आणि खरं सांगायचं तर डावीकडची सीट रिकामी असली की मला गाडी चालवण्यात मजाच येत नाही. बोलायचं कोणाशी?

हातात आठ दिवस होते. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: ‘गाडी मऊ करणे.’ अशा कामांत मी घाबरत नाही. चौदा वर्षं सोसायटीचा सचिव आहे. पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळे प्रश्न मी ठराव करून सोडवले आहेत.

नाना पेठेत इम्तियाजचं गॅरेज आहे. त्याचे वडील, अमीनभाई, माझी स्कूटर बघायचे. इम्तियाजने गाडीच्या बोनेटवर दोन्ही हात ठेवून एकदा दाबलं. गाडी हलली नाही. इम्तियाज हलला.

“काका, ही गाडी नाही, पाट आहे,” तो म्हणाला. “तीन रस्ते आहेत. एक, कंपनीचं मूळ सस्पेन्शन परत घालायचं. मऊ होईल, पण गाडी दीड इंच वर येईल.”

“म्हणजे दिसायला?”

“चारचौघींसारखी.”

“पुढे बोल.”

“दोन, स्प्रिंगा ह्याच ठेवायच्या आणि नुसते शॉकअब्सॉर्बर मऊ टाकायचे. लोक करतात, पण मी करत नाही. स्प्रिंग धक्का खाते आणि परत उसळते. तिला आवरायचं काम शॉकअब्सॉर्बरचं. सासू कडक आणि नवरा मऊ असला की घर नुसतं उडत राहतं.”

“ऐकतेय मी,” गॅरेजच्या दारातून आवाज आला.

दारात बाजेवर इम्तियाजची आई बसली होती. हुस्नबानू. पंचाहत्तरीच्या. हातात पितळी अडकित्ता, मांडीवर फडकं, आणि त्या सुपारी कातरत होत्या. मान खाली, कान गॅरेजमध्ये.

“तुझं नाही अम्मी, गाडीचं चाललंय,” इम्तियाज म्हणाला आणि आवाज उतरवून माझ्याकडे वळला. “तीन, नवा सेट. त्यात उंचीही कमीजास्त करता येते आणि कडकपणाही. वर एक नॉब असतो. फिरवला की टक् करतो. असे चोवीस टक्. जोडीला एक नंबर लहान चाकं आणि जाड टायर. अर्धा आराम तर टायरच देतो, पण त्याचं नाव कोणी घेत नाही.”

“मला पहिल्या पर्यायाचा आराम हवा,” मी म्हणालो, “आणि आत्ताचा बुटकेपणा.”

“काका, शिकरण कमी न करता पोट कमी करायचंय तुम्हाला.”

तिसरा पर्याय सर्वानुमते मंजूर झाला. बुटकेपणातला एक इंच मी सोडला. सार्वजनिक जीवनात तडजोड करावी लागते.

तीन दिवसांनी सेट बसला. आता चोवीसांपैकी कितवा टक्, हे ठरवायचं होतं. मी म्हटलं, त्यात काय, मी चालवतो आणि सांगतो.

“तुम्ही नाही,” इम्तियाज म्हणाला. “चालवणाऱ्याला धक्का कधीच लागत नाही. तो कधी येणार हे त्याला माहीत असतं. अम्मी, चला.”

हुस्नबानू उठल्या. फडकं, सुपारीची पिशवी आणि अडकित्ता घेऊन माझ्या डावीकडे येऊन बसल्या. इम्तियाज मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला.

“अम्मीचा मणका दोनदा दाखवून झालाय डॉक्टरला,” तो मागून म्हणाला. “पण ती तोंडाने काही सांगत नाही. सुपारी सांगते.”

पद्धत अशी होती, की मी गाडी चालवायची, बाईंनी सुपारी कातरायची, आणि दर चौकानंतर इम्तियाजने पुढे वाकून फडक्यात बघायचं. बारा टक्ला आम्ही नाना पेठेतून लक्ष्मी रस्त्यापर्यंत आलो.

“खांडं पडली,” इम्तियाज म्हणाला. “कडक आहे.”

थांबून चारही चाकांचे नॉब फिरवले. आठ टक्. फडक्यात हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. पाच टक्. हुस्नबानूंचा हात जरा मोकळा झाला. कर्र कर्र असा एका लयीत आवाज येऊ लागला. त्या बोलूही लागल्या.

“घरी कोण कोण आहे, भाऊसाहेब?”

“मी आणि मथुरा.”

“त्यांना नाही आणलं?”

“त्यांच्यासाठीच चाललंय हे.”

“मग त्यांनाच बसवायचं होतं. माझा मणका कशाला?”

ह्या बाईंनी आमच्या सोसायटीत घर घेतलं नाही हे किती बरं झालं, असं माझ्या मनात आलं. सर्वसाधारण सभा कधी संपलीच नसती.

मी उत्साहाने शून्य टक्वर जायला सांगितलं. मार्केट यार्डाच्या मागे, कांद्याच्या ट्रकांनी रस्त्याला चाळण केली आहे तिथे, गाडी होडीसारखी डुलत गेली. धक्का एकही नाही. सुपारी उत्तम. पण वळणावर हुस्नबानूंनी अडकित्ता मिटला आणि पदर तोंडाशी धरला.

“बेटा, पोटात कालवतंय.”

“फार मऊही चालत नाही,” इम्तियाज म्हणाला. “धक्का खायचा आणि लगेच गप्प बसायचं, असं हवं. दोन टक् परत.”

दोन टक्वर गाडीला गाडीचा स्वभाव आला. वळणावर पूर्वीसारखी रस्त्याला चिकटून, खड्ड्यात मात्र सभ्य. स्वारगेटपर्यंत जाऊन परत आलो. इम्तियाजने फडक्यात बघितलं आणि एक चकती उचलून उजेडाकडे धरली. तिच्यातून समोरची बस दिसत होती.

“काका, बावीस तारखेला काकूंना बसवा आणि वाटेत गाडीतच शेवया करून आणा म्हणावं.”

माझी छाती जी फुगली, ती दोन टक्च्या सस्पेन्शनलाही जाणवली असेल. मी म्हटलं, आत्ताच चला. माझ्या घरी चहा घ्या. मथुरेला ही चकती तुम्ही स्वतःच्या हाताने दाखवा. मी सांगितलं तर ती जाहिरात म्हणेल.

वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. चाक, रथ, घोडा, इंजिन आणि शेवटी हुस्नबानू. आमचं फाटक आलं. मथुरा खाली बाकावर भाजी निवडत बसली होती. वेळ उत्तम साधली होती. पहारेकरी भैरूने सलाम ठोकून फाटक उघडलं आणि मी रुबाबात गाडी आत घातली.

धाड!

पुढची चाकं वर गेली, खाली आली, मग मागची गेली. पोटाखाली काहीतरी खरवडलं. सगळी सुपारी एकदम हवेत उडाली आणि सावकाश आम्हा तिघांवर पडली. अडकित्ता सीटखाली गेला. मागून इम्तियाजच्या डोक्याचा छताला लागल्याचा आवाज आला.

हुस्नबानूंनी आधी दहाही बोटं मोजली. ती होती. मग दार उघडून त्या खाली उतरल्या, फाटकाच्या आतल्या त्या सिमेंटच्या उंचवट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि भैरूला म्हणाल्या, “हे कोणी बांधलं?”

“साहेबांनीच की,” भैरू अभिमानाने म्हणाला. “सोता हुबं राहून. चेरमन येवढा उंच नगं म्हनत हुते.”

त्याची हकीकत अशी. अकरा वर्षांपूर्वी एक पोरगा मोटरसायकल घेऊन सोसायटीत सुसाट यायचा. मी सभेत गतिरोधकाचा ठराव मांडला. एकोणीस बाजूने, एक विरुद्ध. गवंड्याने विचारलं, “किती उंच करू?” मी म्हणालो, “जाणवला पाहिजे.” तो पोरगा पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला गेला. गतिरोधक राहिला. तेव्हापासून रिक्षावाले आमच्या फाटकाच्या आत येत नाहीत, बाहेरच सोडतात. ह्याचा अर्थ मी आजवर रिक्षावाल्यांचा उर्मटपणा असा लावत आलो होतो.

इम्तियाज डोकं चोळत खाली बसला आणि उंचवट्याला वितीने मोजू लागला. एक वीत आणि वर चार बोटं.

“काका, हा गतिरोधक नाही. हा बांध आहे. ह्याच्यावर सस्पेन्शन नाही चालत.”

“आणखी किती टक् लागतील?”

“ह्याच्यापुढे ट्रॅक्टर येतो.”

मथुरा तोवर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हुस्नबानूंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या केसांतली सुपारी काढली, भैरूला चहा सांगायला पिटाळलं.

“लागलं का हो?”

“नाही. तुम्हीच मथुराबाई? गाडी चांगली केलीय हो मुलाने. सगळ्या पुण्यात एक तुकडा जाड नाही पडला.”

“गाडीचं मी कुठे काय म्हणतेय?” मथुरा म्हणाली. “त्या दिवशी कंबर धरली ती इथेच. पुढे जायला मी गाडीत होते कुठे?”

मला काही गोष्टी एकदम आठवल्या. एक म्हणजे त्या दिवशीची चाळीस पावलं, आणि त्यांतलं हे फाटक. दुसरी म्हणजे एकोणीस विरुद्ध एक. तो एक कोण होता हे मला पक्कं माहीत होतं, कारण घरी येऊन मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. इतिवृत्तात मात्र ‘एका सदस्येने विरोध नोंदवला’ एवढंच लिहिलं होतं, निःपक्षपातीपणे.

“मग हे बोलायचं नाही का?” मी म्हणालो.

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, सोसायटीचं काम आहे, घरात बोलायचं नाही. लेखी द्या.”

तिने भाजीच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. सुरेख अक्षर, डावीकडे समास सोडलेला.

‘मा. सचिव यांस. विषय: फाटकाजवळील गतिरोधक एक वीत कमी करणेबाबत. महोदय, वरील गतिरोधकामुळे अर्जदारास आपल्या पतीच्या वाहनातून प्रवास करणे अशक्य झाले आहे. अर्जदाराची तशी इच्छा आहे. तरी दि. २२ पूर्वी योग्य ती कार्यवाही व्हावी. अन्यथा अर्जदार बसने जाईल. कळावे.’

‘तशी इच्छा आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. हुस्नबानू चहाच्या कपाआडून माझ्याकडे बघत होत्या. इम्तियाजही. भैरू तर पहार घेऊनच उभा होता, जणू अकरा वर्षं त्याने ती ह्याचसाठी परजून ठेवली होती.

मी घसा साफ केला. सचिवाने कितीही झालं तरी पदाची शान सोडू नये.

“मथुराबाई, आपला अर्ज मिळाला. उद्या सकाळी गवंडी येईल. सोसायटीचा इतिहास पाहता, प्रत्येक युगात लोकमताचा आदर करणे हे—”

“ते बावीस तारखेला गाडीत सांगा,” ती म्हणाली आणि पिशवीतून दुसरा कागद काढून माझ्यापुढे धरला. “तेवढी ह्या प्रतीवर पोच द्या.”