लहान मापाचा जोड

ट्रकवर ताडपत्री टाकायला असा किती वेळ लागतो हो? पण वाहतूक कंपनीच्या माणसांना तेवढंही जमलं नाही, आणि गल्लीतल्या पाच घरांच्या कोल्हापुरी चपला वाटेतच भिजून परत आल्या. कागलजवळच्या गोदामात गठ्ठे कुजत पडले. एकट्यादुकट्याला कंपनी दारात उभं करीना. मग गल्लीतल्या संघर्ष नावाच्या पोरानं पाची घरं गोळा केली, सगळ्यांचा मिळून एकच दावा लावला, आणि दोन्हीकडच्या संमतीनं एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून नेमले. दाव्यात म्हणणं एकच होतं: सगळा माल वाया गेला, एकही जोड ठेवण्याजोगा राहिला नाही.

आक्काताईनं सही केली खरी, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा आबा माल निघायच्या तोंडावर गेला. ऑर्डरीत एक जोड कमी पडत होता. आबानं जन्मात कधी अपुरा माल धाडला नव्हता, मग मेल्यावर त्याच्या नावाला बट्टा कशाला? म्हणून ह्या बाईनं काय करावं? त्यानं तिच्यासाठी हौसेनं शिवलेला जोडच गठ्ठ्यात घातला! तिचं पाऊल तळहातावर घेऊन आबानं माप धरलं होतं. "लेकीच्या लग्नात घाल," म्हणाला होता. निकाल लागला की तेवढा जोड हळूच मागून घ्यायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

लवाद माल बघायला गोदामात आले, तेव्हा पाची घरची माणसं नाकाला पदर, रुमाल लावून उभी होती. कंपनीचा वकील मोठा बेरकी. त्यानं गठ्ठ्याच्या पोटात हात घालून एक जोड ओढून काढला.

"साहेब, हा बघा, कोरडा आहे. मग सगळा माल वाया कसा? प्रत्येकाचा माल वेगळा तपासू, प्रत्येकाशी वेगळं बोलू."

संघर्षचा चेहरा उतरला. दावा फुटला की जो तो पुन्हा एकटा.

"कुणाच्या घरचा हा?" लवादांनी विचारलं.

लहान माप, लाल गोंडा. आक्काताईनं तो लांबूनच ओळखला. ती पुढं झाली.

"आमच्या."

तिनं जोड हातात घेतला, तळ वाकवून पाहिला. चालताना करकर वाजावा म्हणून आबानं तळाच्या दोन थरांत बी घातलं होतं. ते वाजलं नाही. आतली शिवणीची चामड्याची वादी ओल पिऊन फुगली होती. थोडं चाललं की शिवण उसवणार, हे बोटांना कळलंच.

"विकायजोगा न्हाय, साहेब. उसवणार ह्यो."

"विकायचं सोडा," वकील गोड हसला. "आम्ही देतो की तुम्हाला. जा घेऊन घरी. न्याल का?"

न्यायचा तर होताच हो! त्याच्यासाठीच तर आली होती बिचारी. पण नेला तर तो जोड ठेवण्याजोगा ठरणार, दावा फुटणार; आणि मागं जोतीराम उभा होता, आबाला खांदा दिलेला. त्याच्या घरची चूलही ह्याच निकालावर होती. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"न्हाय," आक्काताई म्हणाली. "काय करू नेऊन? कचरा हाय ह्यो."

आणि तिनं जोड गठ्ठ्यावर टाकला. आबाच्या हातचं काम तिनं कधी जमिनीवरसुद्धा ठेवलं नव्हतं.

लवादांनी तिथंच सांगितलं: भरपाई कंपनी देईल, माल कंपनी नष्ट करील. बाहेर आल्यावर गलका झाला. संघर्ष ओरडला, "आक्काताई, जिंकलो की आपण!"

जोतीराम जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "वैनी, आज तुमच्यामुळं तरलो. पोरीच्या लग्नाला तुमचा जोड मी शिवणार. पायाचं माप सांगा."

आक्काताईनं पायांकडं बघितलं.

"मला कुठलं ठावं, भावजी," ती म्हणाली. "आबाच्या हाताला ठावं हुतं." आणि गोदामाच्या फाटकाला धरून ती मोठ्यानं रडली.