येडशीची जोडी

बहात्तरच्या दुष्काळात येडशीच्या खरेदी-विक्री संघाचं गोदाम रिकामं पडलं, म्हणून गौरा बिराजदार बॅडमिंटन खेळायला शिकली. त्या वर्षी शेंगा नव्हत्या, करडई नव्हती, ज्वारीचं तर नावच नको. पत्र्याखाली नुसती मोकळी फरशी. गौराचे वडील वीरभद्र संघाचे व्यवस्थापक होते. हैदराबादला कॉलेजात असताना ते हा खेळ खेळले होते आणि त्यांच्या ट्रंकेत दोन लाकडी रॅकेटी अजून जपून ठेवलेल्या होत्या. हाताला काम नव्हतं. त्यांनी गोदाम झाडून घेतलं, चुन्यानं रेघा ओढल्या, मधे नेट बांधलं आणि मुलीला हाक मारली.

दुसरी रॅकेट चांगुणाच्या हातात गेली ती पाण्यामुळं. तिचे वडील आबाराव सरवदे रेल्वेत गँगमन होते. गावातल्या विहिरी आटल्या तरी इंजिनांसाठी स्टेशनवर पाणी यायचं आणि रेल्वेच्या चाळीतल्या नळाला रोज थोडा वेळ सुटायचं. बिराजदारांच्या घरातलं कुणी आजवर त्या बौद्धांच्या दारी पाण्याला गेलं नव्हतं. आता गौरा घागर घेऊन जाऊ लागली. आबाराव तिला ताटकळत ठेवत नसत. स्वतःच्या हंड्यातून तिची घागर भरून देत आणि उचलू लागायला चांगुणाला सोबत पाठवत. एके दिवशी चांगुणा अशीच गोदामापर्यंत आली आणि आत उडणारं पिसांचं पांढरं फूल बघत दारातच उभी राहिली. वीरभद्रांनी तिला आत बोलावलं.

दोघी तेव्हा आठवीत होत्या. गौरा उंच आणि दणकट. मागच्या रेषेवरून ती फटका मारायची तेव्हा आवाज पत्र्याखाली घुमत राहायचा. चांगुणा बुटकी, पण नेटजवळ तिच्या पुढ्यातून फूल सहसा पलीकडं निसटत नसे. वीरभद्रांनी दोघींना एकमेकींविरुद्ध फारसं खेळवलंच नाही. एक पुढं, एक मागं, अशी जोडी बांधली. पिसं मोडलेली फुलं डिंकानं चिकटवून त्या पुन्हा वापरायच्या. थोड्याच दिवसांत त्यांना हाका मारायची गरज उरली नाही. चांगुणाचा खांदा जरा खाली गेला की गौरा डावीकडं सरकायची आणि चांगुणा मागं न बघताच उजवीकडची जागा मोकळी करायची.

मग पाऊस झाला, पिकं आली आणि गोदाम पोत्यांनी भरलं. गावाला आनंद झाला. या दोघींना धड आनंदही करता येईना आणि गोदाम गेल्याचं दुःखही. त्यांनी स्टेशनमागच्या मैदानात नेट बांधलं. वाऱ्यात फूल भरकटतं, म्हणून वारा सुटायच्या आत, तांबडं फुटताच खेळायचं. तिथल्या खडबडीत जमिनीवर खेळून त्यांनी जिल्हा जिंकला, नंतर विभागही. सत्त्याहत्तर साली सोलापूरला राज्य स्पर्धेत त्या उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या आणि हरल्या. तिथं लोक त्यांना नावानं ओळखत नव्हते. ‘येडशीची जोडी’ म्हणायचे.

सोलापुरातच पुण्याच्या एका क्लबाच्या प्रशिक्षकांनी गौराला बाजूला घेतलं. पुण्याला ये, म्हणाले, कॉलेज बघतो, राहायचं बघतो, सरावाला बंदिस्त हॉल आहे. दुहेरीत मात्र क्लबाच्याच मुलीबरोबर खेळावं लागेल. गौरानं होकार दिला. गावी येऊन तिनं चांगुणाला पुण्याचं सगळं सांगितलं, शेवटचं तेवढं सोडून.

दिवाळीला गौरा घरी आली. चांगुणा पहिल्याच दिवशी मैदानात हजर. आपलं आता पुढच्या स्पर्धेचं काय, नाशिकच्या राज्य स्पर्धेत कोणत्या बाजूनं सुरुवात करायची, असं तिचं बोलणं चाललेलं. त्या सुट्टीत तिचा उजवा घोटा मुरगळला. गौरानंच हळदीचा लेप लावून पट्टी बांधली. सूज उतरली, पण त्या पायावर जोर देऊन मागं जाणं चांगुणाला जमेना. वडील खेळू देणार नाहीत म्हणून तिनं ही गोष्ट फक्त गौराला सांगितली. गौरा रोज ठरवायची, क्लबाच्या मुलीचं आज सांगू. निघायच्या दिवशी चांगुणा तिला गाडीवर सोडायला आली. छोट्या रुळांवरची ती गाडी नेहमी उशिरा यायची. त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.

नाशिकला आबाराव रजा काढून मुलीबरोबर आले होते. हॉलच्या पायऱ्यांवर चांगुणा गौराची वाट बघत उभी होती. गौरा आली ती पुण्याच्या मुलीबरोबर. दोघींच्या अंगात क्लबाचे एकसारखे कपडे होते. गौरा म्हणाली की क्लबानं असं ठरवलंय, तुला सांगायचंच होतं. चांगुणानं त्या मुलीकडं बघितलं, “बरं,” म्हणाली आणि वडिलांच्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. नांदेडच्या एका मुलीची जोडीदार तापानं आजारी होती. संयोजकांनी त्या दोघींना एकत्र केलं.

एकमेकींचं नावही धड माहीत नसलेल्या त्या दोघी जिंकत जिंकत उपांत्य फेरीत आल्या. समोर गौरा. पहिला गेम चांगुणानं नेटजवळ एकटीनं ओढून नेला. मधल्या वेळेत पुण्याची मुलगी रडकुंडीला आली आणि हिच्यापुढून फूल जातच नाही, काय करायचं, असं विचारू लागली. गौरानं टॉवेलनं तोंड पुसलं.

“तिच्या उजव्या खांद्यावरून मागं टाक,” ती म्हणाली. “तिला मागं जाता येत नाही.”

पुढचे दोन्ही गेम तसेच झाले. फूल डोक्यावरून जाई, चांगुणा पाय टाकी आणि पाय साथ देत नसे. एकदा ती पडली, उठली आणि जागेवर येऊन उभी राहिली. पंचांकडं तिनं काही मागितलं नाही. सामना संपल्यावर नेटवरून हात मिळवताना ती म्हणाली, “चांगलं खेळलीस.” गौराला तिच्याकडं बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी गौरा राज्यविजेती झाली.

पुढं ती आणखी दोनदा दुहेरीत आणि एकदा एकेरीत राज्य जिंकली. वर्तमानपत्रांत फोटो आले. येडशीला ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला, तेव्हा गर्दीत आबाराव होते, चांगुणा नव्हती. मग गौराचा गुडघा गेला. लग्नाचं जमत आलेलं मोडलं. चौऱ्याऐंशी साली उस्मानाबादला नवा हॉल झाला. तिथं तिला प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं आणि ती परतली. वडील तोवर वारले होते.

चांगुणा सास्तूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. तरी जायला वर्ष गेलं. शेवटी एका रविवारी ती एसटीनं लोहाऱ्याला आणि तिथून जीपनं सास्तूरला गेली. आबाराव निवृत्त होऊन लेक-जावयाकडंच राहत होते. दारात बाजेवर बसलेल्या त्यांनी गौराला लगेच ओळखलं.

“लई दिसांनी आलीस, पोरी,” ते म्हणाले आणि आधी तिला पाणी द्यायला लावलं.

चांगुणा थोडी भरली होती. कडेवर मूल होतं. तिनं चहा टाकला, वीरभद्रांची चौकशी केली. ते गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मग गौरानं वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. नाशिकला त्या मुलीला घोट्याचं आपणच सांगितलं होतं, त्याची आपल्याला लाज वाटते, माफ कर.

“ते मला तिथंच कळलं होतं,” चांगुणा म्हणाली. “तुझ्याशिवाय माहीत कुणाला होतं? त्याचं मला वाईट न्हाय वाटलं, गौरा. खेळात समोरच्याचं दुखणं बघावंच लागतं. मीपण तेच केलं असतं.” तिनं मुलाला खाली सोडलं. “तू दिवाळीत सांगितलं असतंस, तर मी त्या नांदेडच्या मुलीसारखी कुणी आधीच गाठली असती. दोन महिने मिळाले असते. तेवढे तरी माझे होते.”

गौराला त्या दिवाळीतलं आठवत होतं ते फक्त, सांगणं आपल्याला स्वतःला किती अवघड गेलं होतं, तेवढंच. तिनं विचारलं, रविवारी उस्मानाबादला येशील का, मुलींना नेटजवळचा खेळ शिकवायला? माझ्याकडं तसं कुणी नाही.

चांगुणा हसली. नाशिकहून आल्यावर वर्षभर प्रयत्न केला, म्हणाली. “नेटजवळ उभी राहिले की मागं तू आहेस असं वाटायचं. मग वळून बघायची. असं खेळता येत न्हाय. आता नको.”

जीपपर्यंत आबाराव सोडायला आले. वाटेत ते पिकापाण्याचं बोलले. जीप सुटताना म्हणाले, “नाशकात तिला त्या दिशी म्याच म्हणलं, खेळ, आलोच हाय तर. न्हाय म्हणलो असतो तर बरं झालं असतं.” इतकी वर्षं त्यांनीही ते मनात ठेवलं होतं. गौरानं त्यांच्या पायांना हात लावला.

हॉलमध्ये गौराची एक जोडी तयार होत होती. मथुरा आणि सुमन, दोघी चौदाच्या आसपास. दोन वर्षांनी औरंगाबादच्या क्रीडा वसतिगृहानं मथुराला बोलावलं. सुमनला नाही. गौरानं दोघींना घ्या म्हणून खूप धडपड केली, स्वतः जाऊन बसली, पण जागा एकच होती. मथुराला जाऊ नको म्हणण्याचा तिला हक्क नव्हता. तिनं मथुराला बोलावून सांगितलं, तू जा, पण आज, आत्ता, सुमनला तुझ्या तोंडानं सांग. मथुरा रडवेली झाली. तुम्हीच सांगा ना बाई, म्हणाली.

“मी सांगितलं, हे ती विसरेल,” गौरा म्हणाली. “तू न्हाय सांगितलंस, हे विसरायची न्हाय. जा.”

त्या दोघी आत बोलत असताना गौरा बाहेर पायरीवर बसून राहिली. बराच वेळ गेला. मग सुमन एकटीच बाहेर आली. डोळे सुजले होते. तिनं सायकल घेतली आणि निघून गेली. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन कोपऱ्यात बूट घालू लागली.

गौरानं तिच्यासाठी नवी जोडीदार शोधली, तिला एकेरीतही उतरवलं. सुमन मन लावून खेळली, पण विभागाच्या पुढं गेली नाही. बारावीनंतर तिनं रॅकेट ठेवून दिली. मथुरा सुट्टीत आली की दोघी मात्र एकत्र फिरायच्या, हॉलवर येऊन इतरांचा खेळ बघत बसायच्या. त्यांच्याकडं बघून गौराला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

सास्तूरला ती पुन्हा गेली नाही. आबाराव वारल्याचं तिला कुणाकडून तरी उशिरा कळलं. तेव्हा तिनं एसटीच्या वेळा विचारून ठेवल्या. त्या आठवड्यात सामने होते, पुढच्या आठवड्यात निवड होती. मग जायला फार उशीर झाला असं तिला वाटू लागलं.