सौनाच्या चुलीतून निघालेला फोटो

मित्रांनो, मी एक जुने मासिक आहे. वय वर्षे तेहेतीस, मुक्काम फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायच्या सरपणाच्या टोपलीत. दूरच्या गरीब देशांची सुखदुःखे घरोघरी पोचवणे हे माझे काम. त्याचा मला भारी तोरा होता! या घरच्या राइलीबाई तरुणपणी टांझानियात शिक्षिका होत्या. तिथल्या शाळेवर त्यांनी माझ्यात लेख लिहिला, सोबत रेहेमा या विद्यार्थिनीचा फोटो छापला, शेजारीपाजारी सगळ्यांना तो वाचायला लावला. पुढे त्या मला विसरल्या आणि त्यांच्या नवऱ्याने, ओइवाने, माझी रवानगी टोपलीत केली. बर्च झाडाच्या सालींशी माझी तिथे छान गट्टी जमली.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी ओइवाने मला अख्खेच चुलीत कोंबले. माझा कागद गुळगुळीत. धूरच धूर, जाळ काही नाही.

"जगाचे प्रश्न म्हणे! साधी चूल पेटत नाही यांच्याने," ओइवा खोकत म्हणाला.

तेवढ्यात राइलीबाई धावत आल्या. "ओइवा, रेहेमाच्या फोटोचा अंक कुठाय? तिची लेक येतेय आज. रेहेमाचा लहानपणीचा तेवढा एकच फोटो आहे!"

ओइवाचा चेहरा पडला. "चुलीत," तो पुटपुटला.

"अरे कर्मा!" म्हणत बाईंनी मला चिमट्याने ओढून काढले. माझी कड करपली होती, फोटो मात्र शाबूत! मला तर नाचावेसे वाटले.

रेहेमाची लेक उपेंदो इथल्याच तांपेरे शहरात शिकते. ती आली, फोटो बघून हरखली आणि तिने लगेच आईला फोन लावून तो दाखवला. फोटोखालची ओळही वाचली, "पाण्यासाठी आसुसलेली मुलगी."

फोनमधून खो खो हसू आले. "कसली आसुसलेली! पाण्याची बादली घेऊन पळायच्या शर्यतीत पुढे होते मी. तो फोटोवाला आडवा आला, म्हणाला, थांब, हसू नकोस. हरले ना त्याच्यापायी! बाई, कुणी लिहिलं हो हे?"

"मीच गं," राइलीबाई ओशाळून म्हणाल्या. "तुला विचारायचं सुचलंच नाही."

"मग आता विचारा की!"

बाईंनी पेन्सिल घेतली. "सांग, काय लिहू?"

"लिहा, शर्यतीत पहिली आली."

"अगं, पण हरलीस ना तू?"

"लिहा हो बाई!"

मित्रांनो, जुने मासिक जाळण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि कोणाचा फोटो छापाल, तर खाली काय लिहायचे ते आधी त्यालाच विचारा. माझ्या फोटोखाली आता ठळक अक्षरांत लिहिले आहे, "रेहेमा, वय नऊ. शर्यतीत पहिली."